‘पण रंगानं जरा सावळी आहे’

आज आपण ज्या गोष्टीचा इतिहास बघणार आहोत, ती आपल्या प्रत्येकीच्या घरात बोलली जाते, पण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात तिला एक ओळसुद्धा मिळत नाही. ती गोष्ट म्हणजे बाईचा रंग.

स्थळ सुचवताना आपण कसं बोलतो ते आठवून बघा. ‘मुलगी नाकीडोळी नीटस आहे, शिकलेली आहे, कामाला वाघ आहे, पण रंगानं जरा सावळी आहे.’ सगळं घोडं त्या ‘पण’पाशी अडतं. आपल्या मराठीत मुलीच्या रंगाला किती पायऱ्या आहेत! गोरीपान, केतकी, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. मुलाच्या बाबतीत एवढी बारीक मोजणी कुणी करत नाही. तो शेवटच्या पायरीवर असला, तरी ‘पुरुषाला काय बघायचं रंगाचं’ म्हणून सुटतो. मुलगी एक पायरी खाली असली, की देण्याघेण्याचा आकडा वर जातो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, पण रंगावरून होणारी ही घासाघीस त्यानं थांबली नाही.

मग कुणीतरी म्हणतं, ‘अगं, हे पूर्वापार चालत आलंय.’ आम्ही ठरवलं, की हे पूर्वापार म्हणजे नक्की कधीपासून, ते जरा शोधून बघावं.

सुरुवात अगदी जुन्यापासून करू. महाभारतातली द्रौपदी सावळी होती. तिचं एक नावच कृष्णा. आणि तिच्या काळातली सर्वांत देखणी स्त्री म्हणून तिचं वर्णन आहे. राम सावळा, कृष्ण सावळा. आपल्याच संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये दीड हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. त्या भिंतींवर गोऱ्या, गव्हाळ स्त्रिया आहेत आणि चांगल्या गडद सावळ्या स्त्रियाही आहेत. त्या सावळ्या स्त्रिया काही फक्त दासी नाहीत. अंगभर दागिने घातलेल्या, मुकुट घातलेल्या, ऐटीत उभ्या असलेल्या आहेत. त्या चित्रकाराला सावळं अंग सुंदर रंगवता येत होतं आणि रंगवावंसंही वाटत होतं.

आणि पंढरपूरला कशाला विसरायचं? पांडुरंग काळ्या पाषाणाचा. उन्हाळ्यात त्याला चंदनाची उटी लावतात ती गारव्यासाठी. त्याला गोरा करावा असं एवढ्या शतकांत एकाही वारकऱ्याच्या मनात आलं नाही. ‘सावळा’ हा शब्द आपल्या संतांनी लाडानं वापरला. शेतकऱ्याच्या तोंडी जमीन ही ‘काळी आई’. संक्रांतीला हौसेनं घेतो ती काळी चंद्रकळा. मंगळसूत्रात काळे मणी हवेत. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळी तीट. म्हणजे काळ्या रंगाशी आपल्या भाषेचं काही वैर नाही.

पण हेही खरं, की नाण्याला दुसरी बाजू आहे. जुन्या वाङ्मयात गौर वर्णाचं कौतुक भरपूर आहे. गरोदर बाईला ‘बाळ गोरं होईल’ म्हणून केशर घातलेलं दूध देण्याची समजूत आपल्याकडे जुनी आहे. केशरानं बाळाचा रंग बदलत नाही, तो आईबापांकडून येतो. तरी दूध दिलं जातंच. तेव्हा इंग्रज येण्याआधी आपल्याकडे रंगभेद नव्हताच, असं म्हणणं खोटं ठरेल. होता, पण तो एकमेव निकष नव्हता. गोरीचं कौतुक होतं आणि सावळीचंही होतं.

गोरेपणाला हा मान आला कुठून, याचं एक साधं उत्तर कामात आहे. जी बाई उन्हात खुरपते, ऊस तोडते, डोक्यावर पाटी वाहते, ती उन्हानं रापते. जी माजघरात, पडद्यात राहते, तिचं अंग उजळ राहतं. म्हणजे गोरेपण ही खात्यापित्या घरची, बाहेर कामाला न जाणाऱ्या बाईची खूण. त्यात जातीची उतरंडही मिसळली. कष्टकरी जातींना काळं म्हणून हिणवायचं आणि त्याच काळेपणावरून त्यांना खालचं ठरवायचं.

हे केवळ आपल्याकडचंच आहे असं नाही. युरोपातही शेतमजूर उन्हात राबत होते, तोवर तिथल्या श्रीमंत बायकांना पांढरंफटक राहायचं असे. त्यासाठी त्या तोंडाला शिशाचा सफेदा फासायच्या. शिसं हे विष. इंग्लंडमधल्या मराया कॉव्हेंट्री नावाच्या प्रसिद्ध सुंदरीचा १७६० साली ऐन सत्ताविशीत मृत्यू झाला. तो या सफेद्यानंच झाला, असं मानतात. पुढे तिथले मजूर कारखान्यांत, छपराखाली गेले. उन्हात पडून राहायला सवड असणं ही श्रीमंतीची खूण झाली, आणि १९२० नंतरच्या काळात तिकडच्या बायकांना अंग रापवून घेण्याची फॅशन आली. कातडी तीच, पण कोण कुठे राबतं ते बदललं आणि सुंदर कशाला म्हणायचं तेही बदललं.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजी राज्यात राज्यकर्ता गोरा होता, साहेब गोरा, मडम गोरी. या साहेबांनी माणसं मोजायला घेतली. १९०१ च्या जनगणनेचं काम हर्बर्ट रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. नाकाची लांबी-रुंदी मोजून कोणती जात वरची आणि कोणती खालची हे सांगता येतं, असा त्याचा सिद्धांत. शास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. पण जी उतरंड आपल्याकडे आधीच होती, तिच्यावर सरकारी शिक्का बसला.

त्याच सुमाराला साबण आला. १८८८ साली लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. त्या काळात विलायतेत पेअर्स साबणाची एक जाहिरात गाजत होती. काळं पोर साबणानं अंघोळ करतं आणि त्याचं अंग पांढरं होतं, असं तिच्यातलं चित्र. म्हणजे काळा रंग हा मळ आहे आणि तो धुता येतो, हे साबणाबरोबर विकायला काढलं होतं. आपली आजी-पणजी डाळीचं पीठ, हळद, दुधाची साय, दिवाळीत उटणं लावत होती. ते अंग स्वच्छ, मऊ आणि सुवासिक होण्यासाठी. ‘लावल्यानं रंग उजळतो’ असं ती म्हणायचीही. पण रंग उजळला नाही म्हणून कुणी उटण्याला नावं ठेवली नाहीत. उटणं ही हौस होती. ती अट कशी झाली, तिथेच पुढची सगळी गोष्ट आहे.

मध्येच एक गंमत सांगतो. शंभर वर्षांपूर्वी मराठी बाईनं कसं दिसावं, लुगडं कसं नेसावं, केसांत फुलं कशी माळावीत, याचा आदर्श कोण होता? बालगंधर्व! म्हणजे नारायणराव राजहंस, एक पुरुष. संगीत नाटकात ते स्त्रीभूमिका करायचे आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसायच्या, नटायच्या. बाईचं सुंदर दिसणं ठरवणारा कुणीतरी दुसराच असतो, याचा एवढा उघड दाखला दुसरा मिळणार नाही.

आता मुंबईत जाऊ. तिथे १९१९ च्या सुमाराला इ. एस. पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ नावाचं क्रीम बाजारात आणलं. अफगाणिस्तानच्या राजाला ते बघून आपल्या देशातल्या बर्फाची आठवण झाली म्हणून हे नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे ‘स्नो-पावडर’ हा शब्द आजही जुन्या बायकांच्या तोंडी आहे, तो या काळातला. स्नो लावला की तोंडावर पातळ पांढरट थर बसायचा. वरून पावडर. लग्नाला, जत्रेला जाताना लावायचा आणि रात्री तोंड धुतलं की निघून जायचा. आतली कातडी होती तशीच राहायची, आणि ती बदलेल असा कुणाचा समजही नव्हता.

याच काळात सिनेमा आला. सुरुवातीच्या मूकपटांसाठी वापरायची ती फिल्म लाल-तांबूस छटा नीट टिपत नसे. त्यामुळे आपल्यासारखी कातडी पडद्यावर असते त्याहून काळी दिसायची. म्हणून नटनट्यांच्या तोंडाला जाड पांढुरका रंग फासायचे. यंत्राची ती अडचण. पण थिएटरात बसलेल्या हजारो बायकांना पडद्यावर एकच चेहरा दिसत राहिला, चंद्रासारखा पांढरा. पुढे फिल्म सुधारली, पण डोळ्यांना लागलेली सवय गेली नाही. १९४१ साली आपल्या लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत दिसलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. तोवर तो मान गोऱ्या मडमांचा होता. अभिमानाची गोष्ट खरीच. पण सिनेमा, साबण आणि गोरेपण यांची गाठही तिथे पक्की बसली.

तिसरी गोष्ट फोटोची. पूर्वी मुलगी बघायला घरी येत, चालून दाखव, वाचून दाखव म्हणत. मग स्थळाला आधी फोटो पाठवायची पद्धत आली. तालुक्याच्या स्टुडिओत उसनी साडी नेसून, पावडर थापून फोटो काढायचा आणि फोटोग्राफरनं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून रंग उजळ करून द्यायचा. वर्तमानपत्रांत ‘गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे’ अशा जाहिराती येऊ लागल्या. अवघे तीन शब्द, आणि त्यांत पहिला रंगाचा. आज मोबाइलमधला ‘ब्युटी मोड’ तेच पेन्सिलीचं काम आपोआप करतो.

आणि मग १९७५ साल आलं. हिंदुस्तान लिव्हर कंपनीनं ‘फेअर अँड लव्हली’ क्रीम काढलं. स्नो आणि या क्रीममध्ये एक मोठा फरक होता. स्नो वरून लावायचा. हे क्रीम म्हणत होतं, तुझी कातडीच आम्ही काही आठवड्यांत गोरी करू. जाहिरातीत एकाच मुलीचे चेहरे ओळीनं मांडलेले असत, डावीकडे काळवंडलेला आणि उदास, उजवीकडे उजळ आणि हसरा. खरं शास्त्र असं, की आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते किती असावं हे जन्मतःच ठरतं. अशा क्रीममधलं बी जीवनसत्त्वाच्या जातीचं द्रव्य त्या रंगद्रव्याची कातडीतली पसरण थोडी कमी करतं. डाग थोडेफार फिके होतात, पण सावळी मुलगी गोरी होत नाही. आणि मेलॅनिन हा दोष नाहीच. उन्हाचा मारा अडवणारी ती आपल्या अंगातली छत्री आहे. रानात दिवस काढणाऱ्या बाईला तिची किती गरज आहे, हे तिला वेगळं सांगायला नको.

ट्यूब परवडत नसे, म्हणून चार-पाच रुपयांची पुडी आली. मिठाच्या, चहाच्या पुडीशेजारी ती गावच्या किराणा दुकानात टांगली गेली. मजुरीच्या पैशातून पोरी ती घेऊ लागल्या. आम्हाला त्या पोरींना मुळीच हसायचं नाही. ज्या घरात ‘हिचं कसं व्हायचं’ हे रोज ऐकू येतं, तिथली मुलगी पाच रुपयांत आशा विकत घेत असेल, तर तिला वेडी म्हणणारे आपण कोण?

जाहिराती मात्र पुढे पुढे गेल्या. २००२-०३ च्या सुमाराला टीव्हीवर एक जाहिरात लागायची. बाप हळहळतो, मुलगा असता तर बरं झालं असतं. सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, गोरी होते, विमानात हवाई सुंदरीची नोकरी मिळवते आणि आईबापांना सुख देते. एका मिनिटात मुलगी नको आणि काळी तर नकोच, अशी दोन विषं. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, त्या लावून धरल्या, आणि २००३ साली केंद्र सरकारनं अशा दोन जाहिराती बंद करायला लावल्या. बायकांनी संघटनेच्या जोरावर मिळवलेला हा विजय आपल्याला माहीत असायला हवा.

पण बाजार थांबला नाही. २००५ मध्ये पुरुषांसाठीही गोरेपणाचं क्रीम आलं. बाईवरची अट काढून टाकण्याऐवजी तीच पुरुषावर घातली. त्याला समानता म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

त्याला उत्तरही बायकांनीच दिलं. २००९ साली चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेनं ‘डार्क इज ब्युटिफुल’, म्हणजे सावळा रंगही सुंदर, ही मोहीम सुरू केली. २०१३ साली अभिनेत्री नंदिता दास त्या मोहिमेचा चेहरा झाल्या आणि ती देशभर पोचली. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेनं नियम केला, की सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेलं, लग्नाला किंवा नोकरीला नालायक असं जाहिरातीत दाखवायचं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं गोरं करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सुचवणारा मसुदा काढला. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि जगभर लोक रस्त्यावर आले. परदेशात राहणाऱ्या आपल्याच मुलींनी विचारलं, मग आपल्या लग्नाच्या संकेतस्थळांवर रंग निवडायची सोय कशाला? एका मोठ्या संकेतस्थळानं ती काढून टाकली. आणि पंचेचाळीस वर्षांनी त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ शब्द जाऊन ‘ग्लो’ आला.

नाव बदललं, मैत्रिणींनो. आता पुड्यांवर गोरेपणाऐवजी ‘चमक’, ‘निखार’, ‘उजळपणा’ असे शब्द आहेत. न्यायालयातही हा रंग पोचला आहे. २०२३ साली छत्तीसगड उच्च न्यायालयानं एका नवऱ्याची घटस्फोटाची मागणी फेटाळली. बायकोची तक्रार होती, की तिच्या सावळ्या रंगावरून तो तिला छळतो. गोऱ्या रंगाच्या हट्टाला आम्ही बळ देणार नाही, असं न्यायालयाचं मत पडलं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. नामांकित क्रीमवर निदान काही नियम असतात. पण ‘सात दिवसांत गोरेपणा’ म्हणून जी बिननावाची, परदेशी लेबलाची क्रीमं मोबाइलवरून किंवा ओळखीतून मिळतात, त्यांतल्या कित्येकांत पारा सापडला आहे. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून कातडी झटकन उजळ दिसते. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ च्या सुमाराला डॉक्टरांकडे मूत्रपिंडाचे रुग्ण येऊ लागले, त्यांतल्या अनेकांचा समान धागा गोरं करणारं क्रीम हा निघाला. आपल्या विदर्भातही असं घडलेलं आहे. पारा हाताला, टॉवेलला लागून घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचतो. मिनामाता कराराप्रमाणे २०२० नंतर क्रीममध्ये पारा घालायला जगभर मनाई आहे, तरी चोरून विक्री चालूच आहे. शिशाच्या सफेद्यानं ती इंग्रज बाई गेली, त्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली, आणि विषानं गोरं होण्याचा धंदा अजून चालू आहे.

दुसरा धोका स्टिरॉइडच्या मलमांचा. खरुज-नायट्यासाठी आणलेली ट्यूब ‘रंग उजळतो’ म्हणून रोज तोंडाला लावतात. कातडी पातळ होते, लालबुंद होते, पुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते. थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावतात. २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी नसेल तर ती घेऊ नका. यादीत ‘मर्क्युरी’ किंवा ‘कॅलोमेल’ असेल तर तो पाराच. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ असं लिहिलं असेल तर सावध व्हा. पारा सोन्याला धरतो, हे कुठलाही सोनार सांगेल. असं क्रीम वापरून चेहऱ्यावर, पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि ती डबी बरोबर न्या. लाजू नका. डबी दाखवली तर निदान लवकर होतं.

नटू नका, असं आम्ही म्हणत नाही. गजरा माळा, काजळ घाला, उटणं लावा, पार्लरला जा. पार्लर चालवणाऱ्या कितीतरी मैत्रिणींचं घर त्यावर उभं आहे. त्यांनी तर यात मोठं काम करता येईल. बिननावाची डबी दुकानातून काढून टाकली, तर त्या अनेक जणींची मूत्रपिंडं वाचवतील.

बाकीचं काम आपल्या तोंडचं आहे. बाळंतघरात ‘रंग कुणावर गेलाय’ हा पहिला प्रश्न नसावा. स्थळ सांगताना शिक्षण सांगू, स्वभाव सांगू, मुलीला काय हवंय ते सांगू, आणि रंगाची पायरी सांगणं सोडून देऊ. पुढच्याच लग्नसराईत हे करता येईल, त्याला कायदा बदलायची वाट बघायला नको.

तुमच्या घरात, गावात याबद्दल काय बोलणं होतं, ते आम्हाला रेडिओ केंद्रावर येऊन किंवा फोन करून जरूर सांगा. तोवर उन्हातान्हात काळजी घ्या, डोक्याला पदर घ्या, पाणी पीत राहा. नमस्कार.